हिरडीच्या कडेपर्यंत

आमच्या घरात दोन कारखाने एकत्र नांदतात. मी डेअरीत दह्याच्या विभागात आहे, विरजणाच्या खोलीत. म्हणजे जंतू जगवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बायको कवळ्या बनवणाऱ्या डेंटल लॅबमध्ये काम करते आणि तिथे जंतू मारल्याशिवाय कुणी कशाला बोटसुद्धा लावत नाही. मी ओल्या फडक्याने ओटा पुसला की तोच ओटा ती पुन्हा औषधाने पुसते. मी फडकं जरा जोरात पिळतो. इतकी वर्षं हे सगळं थट्टेत चालून जात होतं. मुलीच्या हिरड्या सुजल्या आणि थट्टा संपली.

मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिचे वरचे पुढचे दात पहिल्यापासूनच बाहेर. लहान असताना मी तिला खारू म्हणायचो, खारूताईवरून, आणि तीही अक्रोड कुरतडल्याचं सोंग करून दाखवायची. पुढे शाळेत पोरांनी माझी मदत न घेता तेच नाव शोधून काढलं, तेव्हा तिने घरातही त्या नावावर बंदी आणली. मग फोटोत ओठ घट्ट मिटलेले आणि हसायची वेळ आली की तोंडावर हात. हात नसला तर वही, ओढणी, पाण्याची बाटली, जे हाताशी असेल ते. माझी पोर हसताना कशी दिसते हे बघायला मला कधीकधी आरसा गाठावा लागायचा, कारण एकटी असली की ती आरशात हसून बघायची.

तारा बसवल्या आणि दात हळूहळू मागे सरकू लागले. एकदा जेवताना मी काहीतरी बाष्कळ बोललो आणि ती तोंड उघडं टाकून हसली, तारा-बिरा सगळं दाखवत. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे. दोघंही काही बोललो नाही, उगाच दृष्ट लागायची.

आणि मग ती भेट आली. दातांच्या डॉक्टरबाई तशा गोड बोलणाऱ्या, पण त्या दिवशी आरसा मुलीच्या तोंडात घालून पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. मग एक बोथट सळई घेऊन त्यांनी हिरडीच्या कडेकडेने हलकेच फिरवली. सळई जिथून गेली तिथे मागोमाग रक्ताचे थेंब उभे राहिले. तार धरायला दातांवर चिकटवलेल्या पुढच्या दोन ब्रॅकेटांवर तर हिरडी अर्धी चढून बसली होती.

"दात छान सरकताहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हिरड्या अशा असताना मी पुढे ओढणार नाही. ओल्या मातीतून खांब ओढला तर खांब सरकतो खरा, पण मातीही जाते. इथे माती म्हणजे हाड. पुढच्या भेटीत असंच रक्त आलं तर मला सगळं काढून टाकावं लागेल."

"आणि दात?" मुलीने तोंडातल्या कापसातून विचारलं.

"ते परत जायला लागतील. जिथून आले तिथे."

नंतर त्यांनी काय काय करायचं ते नीट समजावून सांगितलं. गुळण्यांच्या औषधाची एक बाटली, ती संपली की बंद. जास्त दिवस चालवायची नाही, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव जाते. त्यानंतर प्रोबायोटिकची गोळी, म्हणजे चांगल्या जंतूंची. रात्री दात घासून झाल्यावर चघळायची आणि वर पाणीसुद्धा प्यायचं नाही. "काही मुलांना हिचा उपयोग होतो, काहींना फारसा नाही," त्या म्हणाल्या. "ही मदतनीस आहे. मुख्य काम ब्रशचंच. हिरडीच्या कडेपर्यंत ब्रश गेला पाहिजे."

आता गंमत बघा. तीन माणसं ऐकत बसली होती आणि तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी ऐकल्या. मी ऐकलं चांगले जंतू. मुलीने ऐकलं सगळं काढून टाकीन. आणि बायकोने ऐकलं हाड.

बायकोचं तेवढंच ऐकणं साहजिक होतं. तिचे वरचे सगळे दात ऐन तरुणपणी गेले. हिरड्या सुजल्या, रक्त येत राहिलं, हाड झिजलं आणि एकामागून एक दात हलायला लागले. लग्नाआधी तिने मला ते एका बागेतल्या बाकावर सांगितलं होतं, दुसरीकडे बघत, आणि सांगून झाल्यावर "आता जायचं असेल तर जा" असंही म्हणाली होती. मी गेलो नाही. कवळ्यांच्या कामाला ती लागली ती त्यानंतरच. आज तिच्या तोंडात आहे ती कवळी तिने स्वतः बनवलेली आहे, आणि इतकी बेमालूम की आपल्या पोरीला काही कळलेलं नाही अशी तिची खात्री होती. कवळी काढायची ती न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून. माझ्यासमोरसुद्धा नाही.

 डॉक्टरांकडून परत येताना मी बोलत सुटलो. मला असं झालं होतं की इतकी वर्षं विरजण सांभाळल्याचं अखेर चीज झालं.

"हे बघ," रात्री जेवताना मी मुलीला समजावलं. "तोंडात खुर्च्या मांडलेल्या आहेत असं समज. वाईट जंतू येऊन बसले की हिरडी सुजते. आपण आधीच चांगल्यांना बसवून टाकायचं. जागा भरली की वाईटांनी उभं राहायचं कुठे?"

"म्हणजे बाबा, तू माझ्या तोंडात दही लावणार."

"तसंच समज."

"तिचं तोंड म्हणजे तुमची टाकी नव्हे," बायको म्हणाली आणि उठून ताटं उचलायला लागली. माझं अजून जेवण चाललं होतं.

औषधाची बाटली संपली आणि गोळ्या सुरू झाल्या. रात्रीचा एक क्रमच पडून गेला. मुलगी दात घासून यायची, मी डबीतून गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवायचो, ती सोफ्यावर बसून चघळायची. तेवढा वेळ तिला बोलता यायचं नाही, म्हणून मीच डेअरीतल्या गप्पा सांगायचो. गोळी विरघळली की बायको हाक मारायची, "ये गं, तारांत काही अडकलंय का बघू." दोघी न्हाणीघरात जायच्या. दार लागायचं. नळ सुटायचा. मला बरंच वाटायचं की आईसुद्धा लक्ष घालते आहे.

सकाळी मात्र माझ्या तोंडचं पाणी पळायचं. मुलगी शाळेला जायला निघाली की मी बेसिनपाशी जाऊन उभा राहायचो. कधी नळाखाली, कधी कडेला, कधी तिच्या ब्रशच्या मुळाशी गुलाबी काहीतरी दिसायचंच. ते पुसून टाकायचं की बायकोला दाखवायचं, हे मला ठरवता यायचं नाही. बहुतेक वेळा मी पुसून टाकायचो. एकदा पुसत असताना बायको मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या हातातल्या कपड्याकडे पाहून तशीच निघून गेली. तीही आधी कधीतरी पुसून गेलेली असणार, हे मला तेव्हा कळलं.

दिवस जात होते आणि गोळ्यांची डबी रिकामी होत होती. हिरड्या होत्या तशाच. उलट नवीनच काहीतरी सुरू झालं. मुलगी सुपात मीठ घालायला लागली. आधी चिमूटभर, मग बरंच.

"सगळं पुठ्ठ्यासारखं लागतंय," ती म्हणाली. "चव कशाला येतच नाही."

मी सूप चाखलं. चांगलं खारट होतं. बायकोने मान वर केली नाही.

मग एका रविवारी उजेडात मुलगी खिडकीपाशी जांभई देत होती आणि मला तिच्या दातांवर, ब्रॅकेटांच्या भोवती, तपकिरी कडा दिसल्या. चहाच्या कपाला आतून बसतात तशा.  हे गोळीने झालं असणार, म्हणजे माझ्यामुळे. एवढ्या खुर्च्या मांडल्या, आणि बसलं कोण कुणास ठाऊक. डेअरीत जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर वाचत बसायचो. एक जण लिहायचा फायदा होतो, दुसरा म्हणायचा काहीच होत नाही, तिसरा स्वतःच्याच कंपनीची गोळी विकत बसलेला. गोळीने डाग पडतात असं मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. त्याने मला धीर यायला हवा होता, पण मी आणखीच घाबरलो. आमच्याच पोरीला जगावेगळं काहीतरी झालंय असं वाटायला लागलं.

सगळ्यात जास्त छळत होतं ते बायकोचं गप्प राहणं. एरवी माझी एक चूक सापडली की ती महिनाभर पुरवून पुरवून वापरते. इथे तर चूक अख्ख्या मुलीच्या तोंडात दिसत होती, आणि ती मला एका शब्दाने टोचत नव्हती. मला वाटलं, मोठ्या मनाची बाई आहे. माझी कीव करते आहे.

पुढची भेट एका दिवसावर आली तेव्हा डेअरीत एक टाकी लागली नाही.

टाकी न लागणं म्हणजे काय ते सांगतो. दूध तापवून, निववून आम्ही त्यात विरजण सोडतो आणि टाकी बंद करतो. ठरलेल्या वेळाने उघडली की आत दही लागलेलं असतं. त्या सकाळी झाकण उघडलं तर आत दूध ते दूधच. बाजूच्या टाकीत त्याच विरजणाने घट्ट दही लागलं होतं, तेव्हा विरजणाला नावं ठेवायची सोय नव्हती. शोध घेतला तर आदल्या पाळीत टाकी धुताना शेवटची साध्या पाण्याची धार द्यायची राहून गेली होती. धुण्याचं औषध तळाला होतं तसंच राहिलं, आणि आम्ही त्यात जिवंत विरजण ओतलं.

अशा वेळी आमच्याकडे एकच उपाय असतो, टाकी मोरीत सोडायची. मी झडप उघडून उभा राहिलो. पांढरं दूध खळखळत जात होतं. मी मनात म्हटलं, बिचाऱ्या विरजणाचा काय दोष, त्याला आल्या आल्या मारलं. आणि माझा हात झडपेवरच थांबला.

तपकिरी डाग. गेलेली चव. डॉक्टरबाईंनी ते गोळीबद्दल सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते औषधाबद्दल सांगितलं होतं, जास्त दिवस चालवलं तर. आणि गोळीनंतर रोज लागणारं दार, रोज सुटणारा नळ. मी, ज्याचा जन्म टाक्या धुण्यात गेला, त्या दाराबाहेर रोज समाधानाने बसून राहिलो होतो. मला माझाच इतका राग आला की ओरडावंसं वाटलं, पण तिथे ऐकायला फक्त टाक्या होत्या.

पाळी संपवून मी तडक घरी आलो. न्हाणीघरातलं कपाट उघडलं. टॉवेलांच्या मागे औषधाची बाटली होती, नवी, अर्ध्याच्या खाली गेलेली. ती मी स्वयंपाकघराच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि समोर बसून राहिलो.

बायको आली. तिच्या बाह्यांवर प्लास्टरची पांढरी भुकटी होती. तिने बाटली पाहिली, पिशवी खाली ठेवली, आणि मला वाटलं होतं तशी कानावर हात ठेवून मोकळी झाली नाही.

"गोळीनंतर," ती म्हणाली. "रोज."

"अगं पण का? डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं होतं ना? तुझ्यासमोर सांगितलं."

"ऐकलं मी."

"मग? मी रोज तिच्या तोंडात जिवंत जंतू घालतोय आणि तू रोज मारते आहेस. मग मी काय झक मारायला डबी घेऊन उभा राहतो? निदान मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं." ती खुर्चीवर बसली. "लॅबमध्ये तोंडाची मापं येतात. तोंडातून आलेलं काहीही मी औषधात बुडवल्याशिवाय हातात घेत नाही. परक्या माणसांचंसुद्धा. आणि ही तर माझी पोर आहे. त्या तोंडात रात्रभर जंतू सोडून द्यायचे आणि आपण झोपायचं? नाही जमलं मला. पहिल्या रात्री खूप ठरवलं, तरी नाही जमलं."

"ते चांगले जंतू आहेत गं."

"माझ्याही तोंडात सगळं चांगलंच चाललंय असं मला वाटत होतं."

यावर मी आवाज चढवला. मी बोललो, तिनेही सोडलं नाही. मी तिला हट्टी म्हटलं, तिने मला दहीवाला म्हटलं, जसं काही ती शिवी आहे. उद्या सगळं निघालं तर त्याला कोण जबाबदार, यावर आम्ही दोघंही तावातावाने बोलत राहिलो. मुलगी शाळेतून येऊन दारात कधी उभी राहिली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

"आईने बाबाला सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "आणि गोळी घेतल्यावर काही प्यायचं नाही हे तू सांगितलं होतंस, बाबा. मी काय करायचं होतं?"

मी बाटली टेबलाच्या कडेला सरकवली.

"भांडू नका. उद्या सगळं निघणारच आहे." असं म्हणून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आमच्या घरात दारं लावायची खोड कुणाकडून कुणाकडे गेली ते वेगळं सांगायला नको.

त्या रात्री मी गोळी दिली नाही आणि बायकोने हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत बायको आणि मी भिंतीला टेकून शेजारीशेजारी उभे होतो, शाळेत बाहेर काढलेल्या पोरांसारखे. मी खालच्या आवाजात जे घडलं ते सगळं सांगून टाकलं, टाकीसकट. बायकोने मध्ये एकदाही अडवलं नाही. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "डाग निघतील, चवही परत येईल. गोळीचा उपयोग झाला असता की नाही ते आता सांगता येणार नाही, कारण तुम्ही तिला संधीच दिली नाहीत. पण एवढ्याने हिरड्या इतक्या सुजणार नाहीत. मला दुसरंच काहीतरी बघायचंय."

त्यांनी कापसाच्या एका बोंडावर जांभळा रंग घेतला आणि मुलीच्या दातांवर लावला. मग चूळ भरायला सांगितली. जिथे मळ साचलेला असतो तिथेच हा रंग राहतो, त्या म्हणाल्या, आणि आम्हाला जवळ बोलावलं.

दातांचा मधला भाग स्वच्छ होता. पण हिरडीला लागून, वर एक आणि खाली एक, जांभळी पट्टी होती. सलग. एकही दात न चुकवता, जणू तिथून पुढे जायला बंदी आहे.

"तू घासतेस रोज?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दोन वेळा." तिचे डोळे भरले. "खरंच घासते."

"माहीत आहे. मधे स्वच्छ आहे ना. मला घासून दाखव, नेहमी घासतेस तशी."

तिने ब्रश घेतला. आम्ही तिघं बघत होतो. ब्रश तारांवर फिरला, ब्रॅकेटांवर फिरला, छान गोल फिरला. हिरडी जवळ आली की मात्र हात थांबायचा आणि मागे फिरायचा. पुन्हा जवळ जायचा, पुन्हा मागे. आम्ही गोळी मोजून दिली, औषध झाकणाने मापून दिलं, बेसिन पुसलं, पण ती दात कशी घासते हे दोघांपैकी एकानेही उभं राहून पाहिलं नव्हतं.

"तिथे का नाही जात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तिथे रक्त येतं."

"येऊ दे की. सुजलंय म्हणून येतं. घासलंस तर कमी होईल."

तिने ब्रश खाली घेतला. मग आईकडे न बघता, छताकडे बघत म्हणाली, "रक्त आलं की दात सुटतात. आईचे सुटले तसे."

डॉक्टरबाईंनी ब्रश तिच्या हातातून काढून घेतला.

"मी लहान असताना एकदा न्हाणीघराचं दार नीट लागलं नव्हतं," ती म्हणाली. "वाटीत आईचे दात होते, बेसिनमध्ये थोडं रक्त होतं. मला वाटलं, एका दिवसात पडले. मग मोठी झाल्यावर कळलं कवळी असते म्हणून. पण आई कधी बोलली नाही, म्हणून मीही नाही बोलले. मी रक्त येऊच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तिथे ब्रश लावलाच नाही तर येणार नाही, असं वाटलं. चुकून लागला की यायचं, मग मी आणखी लांब राहायचे."

 मी बायकोचा हात धरायला गेलो. मला वाटलं आता ती बाहेर निघून जाईल. पण ती पुढे झाली आणि खुर्चीच्या कडेवर मुलीला लागून बसली.

"मीही तेच केलं होतं," ती म्हणाली. "अगदी तेच. तुझ्याएवढी असताना. रक्त दिसलं की ब्रश थांबवायचे. माझी आई म्हणायची, दुखतंय तर नको घासूस, राहू दे. मायेनेच म्हणायची गं. नुसत्या गुळण्या कर म्हणायची." ती थांबली. "म्हणून मी तुला गुळण्या देत बसले. मलाही आत्ता कळतंय."

मी माझ्या सासूला फोटोतच पाहिलेलं आहे. शांत चेहऱ्याची बाई. त्या क्षणी मला तिचा राग आला आणि लगेच लाजही वाटली, कारण आम्ही तरी वेगळं काय केलं होतं. भिऊन भिऊन नुसती माया केली होती.

 मग डॉक्टरबाईंनी निकाल सांगितला. सगळं काढायचं नाही. फक्त वरची तार आज काढायची, ब्रॅकेट तसेच ठेवायचे, म्हणजे ओढ थांबेल आणि घासायला जागा होईल. हिरड्या बऱ्या झाल्या तर तार परत बसेल. "दात थोडे मागे जातील," त्या म्हणाल्या. "त्याला इलाज नाही. आणि हिरड्या नाही सुधारल्या तर मग खरंच सगळं काढावं लागेल. मी खोटा दिलासा देणार नाही." माझा जीव भांड्यात पडला म्हणावं तर तसं नव्हतं, भांड्याच्या काठावर अडकला होता.

गोळी मात्र त्यांनी परत सुरू करायला सांगितली. "हवी असेल तर," त्या म्हणाल्या. "ब्रशनंतर. आणि नंतर काही नाही." हे त्या बायकोकडे बघून म्हणाल्या. बायकोने पर्समधून रुमाल काढला आणि उगाच नाक पुसलं.

तार निघाली. घरी येताना मुलगी जिभेने सारखी दात चाचपत होती. "आत्तापासूनच बाहेर आल्यासारखे वाटतायत," ती म्हणाली. इतक्या लवकर काही होत नाही, असं मी सांगितलं. मला खात्री नव्हती.

रात्री जेवणं झाली. मुलगी न्हाणीघरात गेली आणि मी डबी घेऊन नेहमीसारखा सोफ्याकडे निघालो होतो, तर बायकोने मला खूण केली, चला म्हणून. आम्ही दोघं तिच्या मागे गेलो. दार उघडंच राहिलं. इतक्या जणांना ती जागा पुरत नव्हती, मी अर्धा बाहेर, टॉवेलच्या खुंटीखाली.

मुलीने ब्रशवर पेस्ट घेतली आणि आरशात आमच्याकडे पाहिलं. हात हलेना. ब्रश हिरडीजवळ नेऊन तिने थांबवला.

तेव्हा बायकोने नळ सोडला नाही, दार लावलं नाही. तिने अंगठ्याने कवळी सोडवली, बाहेर काढली आणि बेसिनच्या कडेवर वाटीत ठेवली. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला तसं पाहत होतो. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेला, वयाने वीस वर्षं मोठी झाल्यासारखी. तिने आपला मऊ ब्रश घेतला आणि आरशात मुलीला दिसेल असा स्वतःच्या रिकाम्या हिरडीवर, कडेकडेने, हळू फिरवायला सुरुवात केली. तिथे घासायला दात नव्हताच. ती फक्त हात कसा फिरवायचा ते दाखवत होती.

मुलगी बघत राहिली. मग तिने आपला ब्रश तसाच धरला, तिरपा, आणि हिरडीला लावला. तिचे डोळे मिटले गेले. थोड्या वेळाने फेस गुलाबी झाला आणि हनुवटीवरून बेसिनमध्ये गळला.

"आलं," ती म्हणाली. 

मी पुसायला पुढे होणार होतो. सवयच लागली होती. बायकोने कोपराने मला अडवलं.

"येऊ दे," ती म्हणाली. दातांशिवाय तिचे शब्द बोबडे येत होते, आणि ती ते लपवत नव्हती. "माझं बघ आणि घास."

मुलीने डोळे उघडले. आईचा हात कसा फिरतो ते आरशात पाहिलं, आणि घासायला लागली.